कुरणातली शाळा आणि प्रकल्पाची वही

'प्रकल्प' हा शब्द पूर्वी आपण धरण, वीजकेंद्र, फार तर खताचा कारखाना यांच्यासाठी राखून ठेवला होता. आता तो तिसरी-चौथीच्या दप्तरात येऊन बसला आहे. 'उद्या प्रकल्प द्यायचाय' असं मुलानं रात्री साडेआठला सांगितलं, की घरातल्या मोठ्या माणसांची धावपळ सुरू होते. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात 'वाहतुकीची साधने', 'पाळीव प्राणी', 'थोर नेते' असे छापील तक्ते मिळतात. ते आणायचे, चित्रं कापायची, चिकटवायची आणि वर आईच्या सुबक अक्षरात मथळा घालायचा. मूल एव्हाना झोपलेलं असतं. आमच्या कामतघरमध्ये हे दृश्य दिसतं, आणि तुम्ही जिथे कुठे हे वाचत असाल तिथेही ते फारसं वेगळं नसेल.

या खटाटोपात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : बाळा, तुला कशाबद्दल जाणून घ्यायचंय? गंमत अशी, की प्रकल्प ही कल्पना शाळेत आली ती नेमका हाच प्रश्न विचारण्यासाठी. ती आली कुठून, आपल्याकडे तिचं काय झालं आणि तो प्रश्न वाटेत कुठे गळून पडला, याची ही हकीकत. तिचा सगळ्यात महत्त्वाचा भाग भिवंडी ज्या जिल्ह्यात आहे त्या आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडला. सुरुवात मात्र जरा लांबून, अमेरिकेतल्या शिकागो शहरापासून करू. त्या गोष्टीत कापूस आहे, आणि कापूस म्हटलं की भिवंडीकराचे कान टवकारतात.

जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या आश्रयानं एक लहानशी प्राथमिक शाळा काढली. सुरुवातीला मुलं होती अवघी सोळा. शाळेसाठी बाकं घ्यायला ते गावभर हिंडले, पण मनासारखी बाकं मिळेनात. अखेर एका दुकानदारानंच त्यांची अडचण ओळखली. तो म्हणाला, तुम्हांला मुलांनी काम करायची बाकं हवीत आणि आमच्याकडची सगळी ऐकत बसायची आहेत. ड्यूईंनी हा किस्सा पुढे आपल्या व्याख्यानात सांगितला. मोठमोठ्या ग्रंथांत सापडणार नाही असं निदान त्या फर्निचरवाल्यानं एका वाक्यात करून टाकलं होतं!

या शाळेत मुलं स्वयंपाक करत, सुतारकाम करत, विणकाम करत. एकदा त्यांच्यापुढे कच्ची लोकर आणि बोंडासकट कापूस ठेवला होता. दोन्ही हाताळताना मुलांपुढे प्रश्न उभा राहिला, की जुन्या काळी तिकडची माणसं सुती सोडून लोकरीचेच कपडे इतकी का वापरत? काही मुलं कापूस वेचायला बसली. अर्धा तास सरकीपासून तंतू सोडवत राहिली आणि हाती आला एका औंसाहूनही कमी, म्हणजे तीसएक ग्रॅमसुद्धा नाही. सरकी काढायचं यंत्र नसताना सूत महाग का होतं, लोकर का चालत होती, यंत्र आल्यावर काय उलथापालथ झाली असेल, हे त्या मुलांना बोटं दुखल्यावर कळलं. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल हे सगळं त्या अर्ध्या तासात आलं. कोणी 'आता इतिहासाची पुस्तकं काढा' असं म्हटलं नाही.

ड्यूईंचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धती' या नावाचा एक निबंध लिहिला आणि हा शब्द जगभर गेला. त्यांचं सांगणं साधं होतं. एखादी मुलगी स्वतः ठरवून, मन लावून झगा शिवते तेव्हा तो तिचा प्रकल्प. तोच झगा कोणी तिच्याकडून जबरदस्तीनं शिवून घेतला, तर काम तेच, कापड तेच, पण प्रकल्प नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर ती वेठ. हा वेठ शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. शाळेत हाताला काम हवं ही मागणी आपल्याकडे कोणी परदेशातून आणली नव्हती. ड्यूईंच्या शाळेच्या चौदा वर्षं आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं शिक्षण असावं, जमेल तिथे शाळेला छोटं नमुन्याचं शेत जोडावं असं सुचवलं होतं. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. सरकारनं त्यातलं फारसं काही मनावर घेतलं नाही. पण फुले विचार करत होते तो शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या मुलाला काय उपयोगी पडेल याचा. मुलाला स्वतःला काय करावंसं वाटतं, हा प्रश्न अजून पुढेच होता.

तो विचारला गेला भावनगरला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. मादाम मॉन्टेसोरींचं लिखाण वाचून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. तिथे मूल फडताळाशी जाई, हवं ते साधन उचले, हवा तितका वेळ त्याच्याशी रमे. घंटा झाली म्हणून कोणी त्याच्या हातून ते काढून घेत नसे. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' हे छोटं पुस्तक आजही शिक्षकांनी वाचावं असं आहे. त्यातला लक्ष्मीराम हा मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोग म्हणून मागून घेतो आणि पहिल्याच दिवशी पार फसतो. त्यानं शांततेचा खेळ योजलेला असतो आणि मुलं वर्ग डोक्यावर घेतात. गिजुभाईंनी हे लपवलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं. मुलांना मोकळीक दिली की ती लगेच शहाण्यासारखी वागू लागतात, असा दावा ते करत नाहीत. वर्षानुवर्षं हुकमाखाली बसलेल्या मुलाला पहिल्या दिवशी मोकळीक म्हणजे दंगाच वाटणार.

याच बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. तारा केळकर, लग्नानंतरच्या ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला आल्या. गिजुभाईंबरोबर त्यांनी नऊ-दहा वर्षांहून अधिक काळ काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला, मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. १९३६ साली मुंबईला परतल्यावर दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाला न मारता शिकवता येतं हे ज्यांच्यामुळे पटू लागलं, त्यांत ताराबाईंचं नाव फार वरचं.

ताराबाई दादरला असतानाच तिकडे वर्ध्यात एक मोठी गोष्ट घडत होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम, म्हणजे मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार झाला. काही जिल्हा परिषद शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं नाव आढळतं, ते या वाऱ्यातूनच आलेलं. समितीनं सुचवलेलं रोजचं वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. शाळेचे तास साडेपाच. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि विज्ञानाला ३० मिनिटं, व्यायामाला दहा आणि मधली सुट्टी दहा.

दहा मिनिटांची मधली सुट्टी! हे वेळापत्रक मुलांनी केलं नव्हतं एवढं तरी त्यावरून नक्की कळतं.

कल्पना थोर होती यात शंका नाही. तकलीवर सूत काढता काढता मोजमाप, कापसाची शेती, इंग्रजांचा व्यापार हे सगळं शिकवायचं, हे ड्यूईंच्या कापसाच्या बोंडाशी थेट नातं सांगणारं होतं. पण मुलांच्या कामातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा अशीही अपेक्षा त्यात होती. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच याबद्दल हरकत घेतली. मुलांकडून उत्पादन करून घ्यायचं म्हटलं, की शिक्षण मागे पडणार आणि उत्पादन पुढे येणार, ही भीती रास्त होती. पुढे पुष्कळ ठिकाणी तसंच झालं. तकली राहिली, तिच्यामागचे प्रश्न गेले. किती लडी झाल्या याची नोंद होऊ लागली. बहुतेक गावांत तर 'आमच्या मुलांना तुम्ही पुन्हा सूतच कातायला लावणार का?' असा पालकांचा सवाल होता, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता.

यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्याला हा सवाल लगेच समजतो. ज्या घरात बाप दोन पाळ्यांत मागावर उभा आहे, त्या घरातल्या मुलाला शाळेत धागा हातात देणं म्हणजे नेमकं काय? शिक्षण की उमेदवारी? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायला मात्र मुभा राहिली. तेव्हा काम आणि शिक्षण यांच्यातली रेघ आजही पुसट आहे. माझ्या मते ती ओढायची एकच जागा आहे : ते काम मुलानं निवडलं का, आणि नको वाटलं तर त्याला ते सोडता येतं का? धागा वाईट नाही आणि माग तर नाहीच नाही.

या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं ते बोर्डीत आणि कोसबाडला.

हा भाग डहाणू तालुक्यातला. तो आता पालघर जिल्ह्यात मोडतो, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. साल १९४५. त्या वर्षी डहाणू-उंबरगावच्या रानात वारली माणूस उठला होता. सावकार आणि जमीनदारांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणारे वारली २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारोंनी जमले आणि त्यांनी वेठ करायला नकार दिला. ती कहाणी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून अनेकांनी वाचली असेल. त्याच वर्षी, त्याच तालुक्यात, २४ डिसेंबरला ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, मार्गही वेगळे होते. पण जिथे आईबापांना स्वतःच्या कामाबद्दल 'नाही' म्हणण्याची सोय नुकतीच मिळत होती, तिथे त्यांच्या मुलांना कोणी विचारू लागलं होतं, की तुला काय करावंसं वाटतं.

ताराबाईंच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होई ते सांगायला नको. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बारा वर्षं शिकवलं. १९४५ साली बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या त्या गेल्याच. १९९२ साली त्यांचा मृत्यू झाला तोवर त्यांचं काम त्याच मुलखात चाललं.

बोर्डीत पहिली अडचण साधनांची आली. मॉन्टेसोरीची साधनं महाग, परदेशी धर्तीची, गुळगुळीत पॉलिश केलेली. ती खेड्यातल्या शाळेला परवडणार कशी? बाई समुद्रावर गेल्या, रानात गेल्या. शंखशिंपले, गोटे, बिया, पानं, बांबूचे तुकडे, माती यांतून सगळी साधनं उभी राहिली. मोजायला चिंचोके, क्रम लावायला लहानमोठे दगड. यात पैशांची बचत झाली ही दुय्यम बाब. खरं महत्त्व असं, की या वस्तू मुलांच्या ओळखीच्या होत्या. कुठली बी कोणत्या झाडाची, ती कधी पडते, कोणता प्राणी ती खातो हे मुलाला बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. पहिल्यांदाच वर्गात मुलाकडे सांगण्यासारखं काही होतं आणि बाईंकडे विचारण्यासारखं.

हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर गेला, आणि तो मूळचा ठाणे जिल्ह्याचा आहे हे आपण विसरून गेलो.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वस्ती वारल्यांची, झोपड्या लांब लांब विखुरलेल्या. थोडी मोठी मुलं, म्हणजे पहिली-दुसरीच्या वयाची, शाळेत दिसेचनात. पाहावं तर ती गुरांमागे गेलेली. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसलेल्या. आता एखादा अधिकारी असता तर त्यानं हजेरीपटावर लाल रेघ मारली असती आणि पालकांना नोटीस काढली असती. ताराबाई आणि अनुताईंनी मुलींच्या कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. तिला त्यांनी नाव दिलं विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली. तीच कुरणशाळा.

कुरणशाळेला भिंती नाहीत, घंटा नाही. गुरं चरायला लागली की शाळा सुरू आणि ती इकडेतिकडे गेली की एकदोघं उठून वळवून आणणार, तेवढ्यापुरती शाळा थांबणार. गाणी, गोष्टी, पानाफुलांची मोजदाद, दगडांची बेरीज-वजाबाकी, मातीत काढलेली अक्षरं. आज काय करायचं हे पुष्कळसं त्या दिवशीच्या कुरणावर आणि मुलांच्या हाताला काय लागलं त्यावर ठरणार. आपल्याला हे काव्यमय वाटेल. शिकवणाऱ्याला ते मुळीच काव्यमय नसतं. वर्गात धडा ठरलेला असतो, पान ठरलेलं असतं. कुरणात मूल काय घेऊन येईल याचा पत्ता नसतो. कात टाकलेल्या सापाची कातडी आणली, तर तिच्याबद्दल बोलायची तयारी हवी, ती मोजून पाहायची कल्पना आयत्या वेळी सुचायला हवी, आणि त्यातून एखादं अक्षरही पुढे सरकायला हवं. मुलांना मोकळीक देणाऱ्या शिक्षकाचं काम कमी होतं ही समजूत ज्यानं हे करून पाहिलं नाही त्याची. ड्यूईंनाही आयुष्याच्या उत्तरार्धात, १९३८ साली, आपल्याच अनुयायांना सांगावं लागलं होतं, की योजना नसलेली मोकळीक म्हणजे शिक्षण नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. याच परिसरात १९३४ च्या सुमारास जन्मलेला एक वारली मुलगा होता. लहानपणी आई गेली आणि त्याचं बोलणंच बंद झालं. तो धुळीत चित्रं काढून मनातलं सांगत असे, असं त्याच्याबद्दल सांगतात. लग्नाचा चौक लिहिणं हे वारल्यांत सवाशिणींचं काम, पण हा रोज काढत राहिला. तेच जिव्या सोमा म्हसे. पुढे त्यांची चित्रं जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांचा छंद ओळखायला कुठली शाळा नव्हती. एक जिव्या तरून गेला. धुळीतली किती चित्रं पायाखाली गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी १९८२ साली रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी राहिली आणि डहाणूच्या आदिवासी पाड्यांवरचं हे काम पुढे चालत राहिलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी काही ठिकाणी मराठी माध्यमाच्या अशा शाळा निघाल्या. १९८६ साली फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन सुरू केलं, तर १९९२ साली पुण्यात अक्षरनंदन निघाली.

कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांचा उल्लेख मात्र जरा थांबून करायला हवा. लीलाताई या कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या. शासकीय अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य म्हणून त्यांनी आयुष्यभर शिक्षक घडवले, आणि मग १९८५ साली स्वतः एक छोटी प्राथमिक शाळा काढली, सृजन आनंद विद्यालय. शिक्षकांना शिकवणारी बाई निवृत्तीच्या वयात चौथीपर्यंतची शाळा काढते, हेच मुळात आपल्याकडे उलटं वाटतं. आपल्याकडे बढती म्हणजे मुलांपासून लांब जाणं. या शाळेत प्रकल्प हा अभ्यासाला जोडलेला तुकडा नव्हता, अभ्यासच त्याच्याभोवती गुंफलेला असे. एखादा विषय घेतला की मुलं बाहेर जाऊन पाहणार, माणसांना विचारणार, लिहिणार, आकडे मांडणार. वह्या नीटनेटक्या असाव्यात हा आग्रह कमी, त्या मुलांच्या असाव्यात हा जास्त. लीलाताईंनी हे सगळं पुस्तकांतून मांडलं. २०२० साली त्या गेल्या.

मग या मूठभर शाळांमधली गोष्ट सरकारी कागदावर आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं कृती, शोध आणि मुलाच्या कलानं होणारं शिक्षण यांचा उल्लेख थेट कलमातच केला. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं ठरली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. आठातलं एक, प्रकल्प. म्हणजे त्याला रकाना मिळाला. रकाना मिळाला की गुण आले, गुण आले की पुरावा आला, पुरावा दाखवायचा म्हणजे वही आली, आणि वही आली की कोपऱ्यावरचा छापील तक्ता आला. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असणाऱ्या शिक्षकाला चाळीस वेगवेगळे प्रकल्प तपासण्यापेक्षा चाळीस 'पाळीव प्राणी' तपासणं सोपं जातं. कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे, आणि त्याच कायद्यात शिक्षकाला जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला पाठवायची सोयही आहे.

म्हणजे पाहा, वर्ध्याच्या तकलीचं जे झालं तेच प्रकल्पाचं झालं. मुलाच्या हातचं काम मोजायला सुरुवात झाली आणि निवड मोठ्यांच्या हाती गेली. कोसबाडला हे झालं नाही, कारण तिथे मोजायला कोणी येतच नव्हतं, असं कोणी म्हणेल. त्यात थोडं तथ्य आहे. पण कोसबाडला आधी मुलाची अडचण पाहिली आणि मग शाळेचा आकार ठरवला, हे जास्त खरं.

आता कामतघर. भिवंडीत यंत्रमाग आले त्याला पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लोटला. मागांच्या पाठोपाठ माणसं आली. तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, कोकणातून, खानदेशातून. त्यामुळे एकाच आळीत मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी कानांवर पडते आणि पोरं गल्लीत खेळताना या चारही भाषांची मिसळ करून भांडतात. शाळेत गेल्यावर मात्र त्यांतली एकच भाषा अधिकृत उरते. जे मूल गल्लीत तीन भाषांत व्यवहार करतं, ते वर्गात 'कच्चं' ठरतं. आता अशा मुलाला, 'आपल्या आळीत कापडाच्या कामाला कोण काय म्हणतं ते गोळा कर' असं म्हटलं तर? धोटा, कांडी, बीम, ताणा, बाणा यांना घराघरांत वेगळी नावं निघतील. तो शब्दकोश ना त्याच्या बाईंकडे आहे, ना बालभारतीच्या पुस्तकात.

पण यातही धोका आहे, आणि तो मीच वर सांगितला. हा विषय मी निवडला, मुलानं नव्हे. कापडाच्या गावातल्या मुलाला कापडाबद्दलच कुतूहल असलं पाहिजे असं थोडंच आहे? त्याला दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून त्याचा वीट आला असेल. त्याला क्रिकेटच्या धावांच्या सरासरीत रस असेल, कबुतरांत असेल, वऱ्हाळदेवी तलावातल्या माशांत असेल, नाहीतर हायवेवरच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकवरच्या नंबरांत. ट्रकच्या नंबरावरून राज्य ओळखणं हा केवढा मोठा भूगोल आहे! वऱ्हाळदेवी तलावाचं पाणी पावसाळ्यात किती वर चढतं आणि मेमध्ये कुठे जातं, हे एखाद्या मुलीनं पायऱ्या मोजून वर्षभर टिपलं, तर चौथीच्या परिसर अभ्यासातले दोन-तीन धडे त्यात सहज जिरतील. पण तिला ते टिपावंसं वाटलं तरच. नाहीतर तेही वेठच.

अडचणी पुष्कळ आहेत. वर्ग भरलेले, खोल्या अपुऱ्या. पालकांना फळ्यावरची बेरीज दिसते, पायऱ्यांची मोजणी दिसत नाही. शाळेत 'खेळच चालतो' अशी तक्रार तेच पालक करतात ज्यांनी स्वतः शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला आहे, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०२३ च्या अखेरीस पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना बरंच वाटलं.

तरी एक फट उघडी आहे. २०२४ साली राज्यानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' असा उपक्रम आणला. शनिवारी नेहमीच्या धड्यांबाहेरचं काही करायचं. काय करायचं याची यादीही अर्थातच सोबत आहे. कोसबाडच्या बाई यादी मुलांकडून घेत. एका शनिवारी चौथीच्या वर्गानं फळा मुलांकडे द्यावा आणि त्यांना काय जाणून घ्यायचं आहे ते त्यांनीच लिहावं, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. बाईंना त्यातलं सगळं वाचता येणार नाही. तेलुगूत लिहिलेलं वाचायला शेजारच्या बाकावरचं कोणी तरी उठेल.